बोट लागू नये म्हणून

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांसाठी नभोवाणीवर दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, साहेब, आपण डोंगराकडची माणसं. शहापूर-मुरबाडला समुद्र कुठला आला? बरोबर आहे. पण भात झोडून घरात पडलं की आपल्याकडे पुढं काय होतं, ते तुम्हांला ठाऊक आहे. ज्याला विहिरीचं नाहीतर बंधाऱ्याचं पाणी आहे तो वाल, हरभरा, चार वाफे भाजी करतो. ज्याला पाणी नाही तो कामाच्या शोधात निघतो. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी बांधकामावर जातो, आणि एखादा ओळखीच्या माणसाबरोबर ससून डॉक, भाऊचा धक्का किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या उत्तनच्या बंदरात जाऊन मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून चढतो. आजचं बोलणं त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्या घरच्या माणसांसाठीही.

बोटीवर पहिल्यांदा चढणाऱ्याची पहिली गाठ पडते ती उलटीशी. याला आपण ‘बोट लागणे’ म्हणतो. भातसा नाहीतर बारवीच्या साठलेल्या पाण्यात होडीतून गळ टाकणाऱ्याला हा त्रास ठाऊक नसतो, कारण तिथलं पाणी डुलतं, पण उचलून आपटत नाही. समुद्राची लाट लांब असते. बोट वर जाते, खाली येते, वर डाव्या-उजव्या अंगाला कलते, आणि हे रात्रंदिवस चालतं.

असं का होतं?

माळशेज घाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात एस.टी. लागलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. कारण तेच आहे. आपल्या आतल्या कानात बारीक वाटोळ्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण हलतो आहोत. बोटीच्या खोलीत बसलं तर कान सांगतो, मी हलतोय. डोळा सांगतो, समोरची फळी तर जागच्या जागी आहे. दोघांची साक्ष जुळत नाही. त्यातून मळमळ सुरू होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. घाटात उतारूंना गाडी लागते, पण ड्रायव्हरला सहसा लागत नाही. का? त्याची नजर रस्त्यावर असते, आणि वळण कुठं येणार हे त्याच्या अंगाला आधीच ठाऊक असतं. बोटीवर सुकाणू धरणाऱ्या तांडेलाचंही तसंच आहे. म्हणून बोटीवर ड्रायव्हरसारखं वागा, उतारूसारखं वागू नका. उघड्यावर थांबा, बोट जिकडे चालली आहे तिकडे तोंड करा आणि दूर जिथं आभाळ पाण्याला टेकतं त्या रेघेवर नजर ठेवा.

लाज धरू नका

बोट लागली म्हणजे माणूस कच्चा, असं काही नाही. इंग्लंडचा नामांकित दर्यासेनानी नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे. डार्विन हा मोठा शास्त्रज्ञ 1831 ते 1836 अशी पाच वर्षं ‘बीगल’ जहाजावर होता, त्यालाही हा त्रास शेवटपर्यंत झाला. पण बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत कमी होतो.

राबातलं रोप उपटून चिखलात लावलं की तीन-चार दिवस मलूल दिसतं, पिवळं पडतं. तेव्हा आपण ते उपटून फेकत नाही. पाणी सांभाळतो, मग ते मूळ धरतं. माणसाचं असंच आहे. प्रश्न एवढाच, की हे दोन-तीन दिवस सुखरूप कसे काढायचे.

निघण्यापूर्वी

जून-जुलैची मासेमारीबंदी संपून बोटी निघतात तेव्हा समुद्र अजून खवळलेला असतो. मार्गशीर्ष-पौषात तो पुष्कळ निवळतो. भात आटोपून जाणाऱ्या आपल्या माणसाला हा फायदाच आहे. जमलं तर पहिली फेरी सकाळी जाऊन लवकर परतणाऱ्या लहान बोटीवर करा. ट्रॉलर एकदा निघाला की आठ-दहा दिवस धक्क्याला लागत नाही. तुम्हांला उलट्या होतात म्हणून तो मागे फिरणार नाही.

आदल्या रात्री पुरती झोप घ्या. दारू अजिबात नको. ‘घोटभर घेतली की बोट लागत नाही’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दारूनं कानाचा तोल आणखी बिघडतो आणि अंगातलं पाणी आटतं. उपाशी निघू नका, आणि पोट तडस लागेपर्यंत भरूनही निघू नका. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, मऊ भात, थोडे कुरमुरे, एवढं पुरे. तेलकट, झणझणीत कालवण पहिल्या दिवशी टाळा. तंबाखू, मशेरी, विडी यांनी मळमळ वाढते.

आल्याचा तुकडा किंवा सुंठ जवळ ठेवा. पुष्कळांना त्यानं बरं वाटतं. लिंबू हुंगल्यानं डिझेलचा वास मारला जातो. पण यावरच सगळी भिस्त ठेवू नका.

गोळ्यांविषयी थोडं सांगतो. मी शेतकी खात्यातला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन अशी औषधं यासाठी देतात. ती उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असतात, सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरत नाही. किती घ्यायची आणि निघण्याच्या किती आधी, ते डॉक्टर सांगतील. काचबिंदू असेल, लघवी तुंबत असेल, फिट येत असेल तर ते आधी सांगा. या गोळ्यांनी झोप येते. म्हणून गोळी घेऊन दोर ओढण्याच्या यंत्राजवळ उभं राहू नका, आणि गोळीवर दारू तर कधीच नको.

बोटीवर

पहिली खूण उलटी नसते. आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, अंगाला गार घाम येतो, चेहरा फिका पडतो. तेव्हाच सावध व्हा. जांभई आली की कामाची जागा बदलून मागा.

बोटीचं पुढचं टोक सर्वांत जास्त उचलून आपटतं. मधला भाग कमी हलतो, म्हणून मध्ये थांबा. इंजिनाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या बाजूला बसा. खाली मान घालून जाळं निवडणं, मोबाईल पाहणं यानं त्रास वाढतो. अगदीच सहन होत नसेल तर मध्यभागी आडवे व्हा, डोळे मिटा आणि डोकं हलू देऊ नका.

जिवाला धोका कुठे आहे?

नुसती बोट लागून सहसा कोणी दगावत नाही. धोका तिच्या आडून येतो. तो तीन ठिकाणी आहे.

पहिला धोका काठाचा. रात्री उलटी येते, माणूस एकटा काठावर वाकतो, त्याच वेळी बोट कलते आणि तो पाण्यात जातो. इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू येत नाही. म्हणून काठावर वाकायचंच नाही. बसल्या जागी बालदीत उलटी करा. उठावंच लागलं तर सोबत्याला सांगून उठा, एक हात पक्का धरलेला ठेवा. अंगात लाइफ जॅकेट ठेवा.

दुसरा धोका अंगातलं पाणी जाण्याचा. उलटी होते म्हणून माणूस पाणी पिणं सोडतो, वर ऊन असतं. घरून ओ.आर.एस.ची पाकिटं न्या. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच ती पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्यानं 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ वाढवू नका. मीठ घातलेली भाताची पेजही चालते. एकदम गटागटा पिऊ नका. घोट-घोट, थोड्या थोड्या वेळानं घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. समुद्राचं पाणी तोंडातही घेऊ नका.

तिसरा धोका मासळीच्या खणाचा. मासळी ठेवण्याच्या बंद खणात कुजक्या मासळीमुळे विषारी वायू साठतो. तिथं उतरल्यावर एकदम डोकं धरलं, मळमळलं, डोळे चुरचुरले तर ती बोट लागणं समजू नका. ताबडतोब वर या. खण उघडून वारा खेळू दिल्याशिवाय उतरू नका, आणि वर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय तर मुळीच उतरू नका. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी टाकू नका. एकामागून एक असे जीव जातात. वरून हाक द्या, हवा खेळवा, दोरानं ओढा.

दिवसभर उलट्या थांबत नाहीत, आठ-दहा तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त दिसलं, माणूस बरळू लागला, छातीत किंवा पोटात जोराची कळ आली, तर तांडेलाला स्पष्ट सांगा. तटरक्षक दलाचा फोन 1554 आहे. फोन लागत नसेल तर बोटीवरच्या व्ही.एच.एफ. संचावर 16 नंबरच्या चॅनेलवरून मदत मागता येते. धक्क्याला लागल्यावर रुग्णवाहिकेसाठी 108.

उचल घेण्याआधी बोला

आता पैशाची गोष्ट. पहिल्याच फेरीआधी मोठी उचल घेऊन घरी खर्च करू नका. आधी एक फेरी करून आपल्याला समुद्र मानवतो का ते पाहा. नाखव्याला मोकळेपणानं विचारा, ‘नाखवा, मी पहिल्यांदाच येतोय. बोट लागली तर दोन दिवस सांभाळून घ्याल ना? आणि नाहीच जमलं तर धक्क्यावर काम द्याल का?’ जाळी दुरुस्त करणं, बर्फ भरणं, मासळी निवडणं ही कामं किनाऱ्यावरही असतात. शब्द दिला असेल तो बरोबरच्या एखाद्या माणसासमोर घ्या.

उचल फिटेपर्यंत अंग साथ देवो न देवो बोटीवर चढलंच पाहिजे, अशी सक्ती कोणाला करता येत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालापासून आहे. तसा प्रसंग आला तर तहसीलदार कचेरीत जा.

आणि घरच्या माणसांनो, पहिल्या फेरीहून पोरगा परत आला आणि म्हणाला, जमीन हलल्यासारखी वाटते, तर भूतबाधा समजून कोणाकडे नेऊ नका. एक-दोन दिवसांत ते आपोआप जातं. दोन-तीन फेऱ्या करूनही कोणाचं अंग समुद्राला रुळत नसेल तर त्याला हिणवू नका. सगळीच जमीन भाताची नसते. वरकस जमिनीत नाचणी-वरई चांगली येते. त्याला किनाऱ्यावरचं नाहीतर दुसरं काम बघू द्या.

थोडक्यात ध्यानात ठेवा

1. पहिली फेरी लहान आणि शांत समुद्रात.
2. पुरती झोप, हलकं जेवण; दारू-तंबाखू नाही.
3. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी.
4. बोटीच्या मध्यभागी, उघड्यावर, नजर दूर.
5. उलटी बालदीत, काठावर एकट्यानं वाकायचं नाही.
6. साखर-मिठाचं पाणी घोट-घोट.
7. वारा खेळवल्याशिवाय खणात उतरायचं नाही.
8. उचल पहिल्या फेरीनंतर.

हे पत्रक घडी करून ओ.आर.एस.च्या पाकिटाबरोबर पिशवीत ठेवा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. मृगाच्या आधी सगळे धडधाकट घरी या. राबाची भाजणी आणि पेरणी तुमची वाट बघत असेल.

रामराम.