दुखणें झांकूं नका, पिशवी गमावूं नका

(गांवच्या शाळेंत भरलेल्या पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजचा विषय बायकांच्या दुखण्यांचा आहे हें ऐकून कांहीं मंडळींनीं माना खालीं घातल्या. शाळामास्तरांनीं असला विषय चारचौघांत कां काढावा, असें त्यांना वाटत असेल. आम्ही विचारतों, बैल लंगडूं लागला तर आपण चावडीवर त्याची चौकशी करतों कीं नाहीं? मग जी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत घरांत आणि शेतांत राबते, तिचें दुखणें विचारतांनाच लाज कां वाटावी?

ही लाज फार महाग पडते. डॉक्टर राणी बंग व डॉक्टर अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतल्या दोन गांवांत 650 बायकांची तपासणी केली व तिची हकीकत 1989 सालीं प्रसिद्ध केली. शंभरांत 92 बायकांना बायकी दुखणें निघालें. त्याआधीं कधीं तपासणी झालेल्या मात्र शंभरांत अवघ्या आठ होत्या. बाकीच्या मुकाट्यानें सोसत होत्या.

झांकलेलें दुखणें पुष्कळदां वाढतच जातें. मग कोणी सांगतो, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचें असेंच झालें. 2019 सालच्या सरकारी चौकशींत 82,309 बायांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक! पुष्कळ तर चाळिशीच्या आंतल्या. घरानें उचल घेतलेली, एक दिवस काम चुकलें कीं मुकादमाचा खाडा, कोपींत राहणें, न्हाणीला आडोसा नाहीं, पुरेसें पाणी नाहीं. अशा बाईला पाळीच नकोशी झाली तर दोष तिचा कसा? पण पिशवी गेल्यानें खाडा घेणारा मुकादम जात नाहीं, आणि ऑपरेशनचें कर्ज मात्र डोक्यावर बसतें. पिशवीबरोबर अंडाशयही काढलीं तर तरुण वयांतच हाडें ठिसूळ होऊं लागतात.

म्हणून दुखणें लहान असतांनाच ओळखा. पाळीच्या आगेमागें थोडें पांढरें पाणी जाणें हा रोग नव्हे. त्यानें हाडें झिजतात हा समजही खोटा. पण त्यास घाण वास आला, खाज सुटली, दह्यासारखें जाऊं लागलें, किंवा ओटीपोट दुखून ताप आला, तर दवाखान्यांत गेलें पाहिजे. हा विकार बहुधा औषधानेंच बरा होतो. कांहीं प्रकारांत नवऱ्यानेंही औषध घ्यावें लागतें, नाहींतर दुखणें फिरून येतें. पाळींत फार रक्त जात असेल तर त्यावर गोळ्या आहेत. अंग बाहेर येत असेल तर पुष्कळ वेळां आंत कडी बसवून भागतें. पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर मात्र त्याच आठवड्यांत तपासून घ्या. तो कॅन्सरही असूं शकतो.

पिशवी कधींच काढूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. कॅन्सरसारख्या कारणासाठीं ती काढावी लागते. पण "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" अशी भीति कोणी घातली, तर त्यास विचारा, "तपासणीचा कागद दाखवा. औषधानें कां भागत नाहीं तें सांगा." आणि दुसऱ्या, शक्यतों सरकारी, डॉक्टरास दाखविल्याशिवाय अंगठा देऊं नका.

गरोदरपणींही झांकाझांक नको. 2019 ते 2021 च्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतल्या शंभर गरोदर बायांत सुमारें 46 जणींच्या अंगांत रक्त कमी निघालें. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेलें कोरड्यास आणि शिळी भाकरी, तर दुसरें काय होणार? पोटुशी बाईला आधीं वाढा; भाकरीबरोबर डाळ, हुलगे, पालेभाजी द्या, आणि मिळेल तेव्हां अंडें, मासळी द्या. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, अशा निदान 180 गोळ्या घ्याव्यात, बाळंतपणानंतरही तितक्याच. गोळी चहाबरोबर घेऊं नये, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचास काळें होतें, त्यास भिऊं नका. गोळीनें मूल काळें होतें हें खरें नाहीं. गोळीचा हेतु एवढाच कीं, बाळंतपणांत रक्त गेलें तर सोसण्याची ताकद बाईच्या अंगांत असावी.

आतां धोक्याच्या खुणा पाठ करा. गरोदरपणीं रक्त जाणें, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, तोंड व हात सुजणें, झटका येणें, कळा नसतां पाणी जाणें, मुलाची हालचाल मंदावणें, बाळंतपणानंतर रक्त न थांबणें. यांतली एकही दिसली तर अंगारा लावीत बसूं नका. 108 क्रमांकास फोन करून गाडी बोलवा.

शेवटचें सांगणें पुरुषांस. औषधाचे पैसे तुमच्या हातांत, गाडीची किल्ली तुमच्या हातांत, आणि रोजगार बुडाला म्हणून बोलणारें तोंडही तुमचेंच. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी फुकट होते. त्या दिवशीं तिच्याबरोबर जा. आणि आज घरीं गेल्यावर बायकोला, सुनेला, आईला एवढेंच विचारा, "तुझें कांहीं दुखतें काय?" पहिल्यांदा ती नाहीं म्हणेल. पुन्हां विचारा.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.