जत्रा उठल्यानंतरचा हिशेब



वसंत ऋतूत एकत्र बसून व्याख्याने ऐकण्याची जी प्रथा आपण महाराष्ट्रात पाळतो, ती न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविली, ही गोष्ट मात्र तितकी लक्षात राहिलेली नाही. पुण्याच्या घोले रस्त्यावर आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय या नावाने जे संग्रहालय आहे, तेही त्याच काळातले, आणि आरंभी ते औद्योगिक संग्रहालयच होते. रानड्यांचे सहकारी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तर १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले आणि देशी मालाची दुकाने निघावीत म्हणून गावोगाव खटपट करीत राहिले. देशी हातांना काम आणि त्या कामाला दाम मिळाल्याखेरीज व्यासपीठावरचे शब्द फुकट जातात, हे या मंडळींनी ओळखले होते. तेव्हा व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आम्ही बाजारहाटाच्या गोष्टी काढल्या, तर आपण ते अप्रस्तुत मानणार नाही अशी आमची खात्री आहे.

आमचा आजचा विषय आहे हाताने वस्तू घडविणारे कारागीर आणि त्यांच्यासाठी भरविल्या जाणाऱ्या जत्रा. हल्ली अशा जत्रांना तोटा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरस भरते, तेथे राज्यभरच्या बचतगटांतील स्त्रिया आपला माल घेऊन येतात. पुण्यात भीमथडी जत्रा भरते. ही मोठी कामे आहेत आणि ती मोठ्या यंत्रणेलाच झेपतात. आम्ही बोलणार आहोत ते लहान जत्रेविषयी. एखाद्या वसाहतीच्या आवारात, शाळेच्या पटांगणात, देवळाच्या सभामंडपात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून शनिवार-रविवार भरविलेली, वीस-पंचवीस टेबलांची जत्रा. अशी जत्रा आम्ही काही मंडळी आमच्या नाहूरला भरवितो. तिच्यात आमचे काय चुकले आणि त्यातून काय शिकलो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

नाहूर हे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले गाव. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००६ साली. त्यापूर्वी आमचा पत्ता विचारला की आम्ही शेजारच्या गावांची नावे सांगत असू. पूर्वेला मिठागरे, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या बाजूचे कारखाने, अशा दोन उद्योगांच्या मधोमध ही वस्ती वाढली. आता त्यांतले कित्येक कारखाने गेले आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. माणसे पुष्कळ आली, पण शेजारी कोण राहतो आणि तो हाताने काय करतो, हे कोणास ठाऊक नसते. एकाच लोकलने जाणाऱ्यांत एखादी उत्तम भरतकाम करणारी बाई असते, एखादा मातीची भांडी घडविणारा तरुण असतो, पण त्यांची ओळख व्हावी असे ठिकाण नसते. ते ठिकाण आपण निर्माण करू, या उत्साहाने आम्ही जत्रा भरविली.

पहिली जत्रा फार छान झाली. निदान आम्हांस तसे वाटले. गर्दी होती, सनई होती, वडापावच्या टेबलाशी रांग होती. रात्री मंडप उतरविताना आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटीत होतो. तेवढ्यात गोधड्या विकणाऱ्या एक बाई आपले गाठोडे बांधताना दिसल्या. भांडुपच्या टेकडीवर राहणाऱ्या, मूळच्या सातारकडच्या. आपण जिला गोधडी म्हणतो तिला त्या वाकळ म्हणतात. आम्ही मोठ्या ऐटीत विचारले, "मावशी, धंदा बरा झाला ना?" त्या म्हणाल्या, "धंदा झाला दादा. घरी काय नेलं ते मात्र विचारू नका."

ते वाक्य आम्हांस झोपू देईना. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि हिशेबाला बसलो. तो हिशेब येथे गोल आकड्यांत मांडतो, म्हणजे ऐकताना ध्यानात राहील. चार वाकळा खपल्या, प्रत्येकी १,२०० रुपयांस. आले ४,८०० रुपये. आम्ही घेतलेले टेबलाचे दोन दिवसांचे भाडे २,००० रुपये. टेंपोचे ५०० रुपये. खाणेपिणे आणि पिशव्या २०० रुपये. दोरा, अस्तर वगैरे सामान, चार वाकळांचे मिळून १,००० रुपये. गेले ३,७०० रुपये. उरले १,१००. एका वाकळेला, घरचे सारे उरकून, त्यांचे आठ दिवस मोडतात. जुन्या लुगड्यांचे थर नीट अंथरायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, आणि मग काठाकडून आत येत बोटभर अंतराने धावदोरा घालीत जायचे. चार वाकळांचे बत्तीस दिवस. बत्तीस दिवसांचे १,१०० रुपये म्हणजे दिवसाला ३५ रुपयांहूनही कमी! आणि चारही गिऱ्हाइकांनी घासाघीस करून दोन-दोनशे रुपये कमी करून घेतले असते, तर त्या बाईंच्या हाती दिवसाला दहा रुपयेही पडले नसते.

बंधुभगिनींनो, त्या जत्रेत सर्वांत जास्त पैसे कोणी मिळविले, याचा विचार करा. मंडपवाल्याने मिळविले, टेंपोवाल्याने मिळविले, आणि भाडे घेऊन आमच्या मंडळानेही आपला खर्च भागविला. ज्यांच्या नावाने जत्रा भरली त्यांनीच तेवढी आमच्या उत्सवाची वर्गणी भरली. आमच्या मनात कपट नव्हते. पण हिशेब न केलेला चांगुलपणा कोणाला तरी महाग पडतोच.

तेव्हा आम्ही पहिली दुरुस्ती केली ती भाड्याची. आगाऊ भाडे बंद केले. जे खपेल त्याच्या दहावा हिस्सा मंडळाला, काही खपले नाही तर काही द्यावयाचे नाही. खर्च कमी पडला तर सनई बंद ठेवायची, असेही ठरले. दिल्लीच्या 'दिल्ली हाट'चे उदाहरण आमच्यासमोर होते. १९९४ साली तो बाजार सुरू झाला तेव्हा कारागिरांना थोड्या भाड्यात, पंधरा-पंधरा दिवसांच्या पाळीने गाळे द्यावयाचे, असे तत्त्व ठेवले गेले. हेतू हा की दलालाने जागा अडवून बसू नये. तरीही व्यापारी तेथे शिरतात अशी तक्रार होत आली आहे, यावरून ही कीड किती चिवट आहे ते दिसते.

आमच्याकडेही ती आली. दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ सुंदर सुंदर दिवे घेऊन आले. सगळे दिवे एकसारखे, एकाही दिव्यावर बोटाचा ठसा नाही. "हे कसे केलेत?" असे विचारल्यावर ते दर सांगू लागले. म्हणून दुसरा नियम आला. ज्याने वस्तू केली त्याने किंवा त्याच्या घरच्या माणसाने स्वतः टेबलाशी बसावे, आणि शक्य तर हत्यारे घेऊन बसावे. कुंभाराने चाक आणावे, वाकळवाल्या बाईंनी अर्धी शिवलेली वाकळ आणून तेथेच टाके घालावेत. फसवेगिरी ओळखण्याचे याहून सोपे साधन नाही. शिवाय काम होताना पाहिले की घासाघीस करणारे तोंड आपोआप मिटते. दोन टाके घालून पाहा म्हटले की भलेभले सुई टोचून घेतात!

परंतु खरी अडचण पुढेच होती. भाडे काढून टाकून तोच हिशेब पुन्हा केला, तर बाईंच्या हाती २,६२० रुपये राहतात, म्हणजे दिवसाला ८२ रुपये. हेही मजुरी म्हणावे असे नाही. मूळ किंमतच चुकली होती. बाईंनी ती बाजारातल्या यंत्राच्या रजईकडे पाहून ठरविली होती. आम्ही म्हटले, किंमत अडीच हजार ठेवा. त्या घाबरल्या. "एवढ्याला कोण घेणार?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या जत्रेत तयार वाकळ एकच गेली.

मात्र एक नवी गोष्ट घडली. किमतीच्या चिठ्ठीवर आम्ही 'आठ दिवसांचे काम' असेही लिहिले होते. ते वाचून एक वृद्ध गृहस्थ थांबले. त्यांनी विचारले, "आमच्या घरच्या साड्या दिल्या तर शिवाल का?" त्यांची पत्नी काही महिन्यांपूर्वी गेली होती. कपाटात तिच्या साड्या घडी घालून पडल्या होत्या. देऊन टाकवत नव्हत्या आणि पाहवतही नव्हत्या. बाईंनी त्या हातात घेतल्या, कोणती वर घ्यायची, कोणती आत घालायची ते त्यांनाच विचारले, आणि महिन्याभरात वाकळ नेऊन दिली. त्या गृहस्थांनी किमतीविषयी अवाक्षर काढले नाही. पुढे त्यांच्या इमारतीतून आणखी तिघांचे काम आले. चार वाकळांचे दहा हजार रुपये झाले. त्यांतून आमचा दहावा हिस्सा, सामान आणि जाणे-येणे वजा केले, तर ७,३०० रुपये उरतात, म्हणजे दिवसाला २२८. श्रीमंती आली असे नव्हे. पण हा आकडा सांगताना बाईंनी मान खाली घातली नाही.

तेव्हापासून जत्रेकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. दोन दिवसांत किती माल खपला हे आम्ही आता दुय्यम मानतो. किती ओळखी झाल्या, किती कामे सांगून गेली, आणि पुढल्या दहा महिन्यांत त्यांतली किती पुरी झाली, हे वहीत लिहून ठेवतो. जत्रा म्हणजे कारागीर आणि गिऱ्हाईक यांची सोयरीक जुळविण्याचा मांडव. संसार मांडव उठल्यानंतरच सुरू व्हावयाचा असतो.

ही ओळख किती मोलाची, याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचा तो मान आहे. तरीसुद्धा जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचा उल्लेख केला नव्हता. येथून ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, आणि पुढे दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. ते योग्यच झाले. पण आपण आपल्या पायांकडे पाहावे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले कातडे कोणते आणि रबरी तळाची नक्कल कोणती, हे आपल्यापैकी किती जणांना कळते? परक्याने नाव घेतले नाही म्हणून आपण रागावतो, आणि स्वतः मात्र चपला शिवणाऱ्याचे नाव कधी विचारीत नाही.

दुसरे उदाहरण सावंतवाडीचे. तेथील गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते, नामशेष होण्याच्या बेतात होते. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला स्वतः शिकून घेतली आणि कलावंतांना राजवाड्यात काम करावयास जागा दिली. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही कित्येक वर्षांची चिकाटी आहे. आपल्याकडे राजवाडा नाही, हे खरे. पण राजवाड्याने जे केले ते, म्हणजे वर्षानुवर्षे काम सांगत राहणे, एखादी वसाहत मिळून सहज करू शकते. चारशे घरांच्या वसाहतीत प्रत्येक घराने वर्षातून एकच वस्तू सांगून करवून घेतली, तरी चारशे कामे होतात.

कारागीर बंधुभगिनींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. हाताने केली एवढ्याने वस्तू चांगली होत नाही. टाका उसवला, कान गळका निघाला, रंग गेला, तर ती वस्तू बिनतक्रार दुरुस्त करून दिली पाहिजे. दिलेल्या दिवशी काम पुरे झाले पाहिजे. गिऱ्हाइकाने एकदा दया म्हणून घेतले तर ते पुन्हा येत नाही. वस्तू आवडली म्हणून घेतले तर ते शेजाऱ्यालाही घेऊन येते. दया मागणारी जत्रा दोन वर्षे चालते. दाम मागणारी जत्रा टिकते.

आपणांपैकी कोणी आपल्या वस्तीत अशी जत्रा भरविणार असाल, तर आमची एकच विनंती आहे. मांडव उतरला की लगेच पाठ थोपटून घेऊ नका. प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारा, "घरी काय नेलेत?" उत्तर ऐकावयास जड जाईल, पण पुढल्या वर्षीची जत्रा त्या उत्तरावरच उभी करा.

त्या वाकळवाल्या बाई गेल्या जत्रेला आल्या त्या एकट्या आल्या नाहीत. शेजारच्या दोघी सुनांना बरोबर घेऊन आल्या. दिवसभर तिघी एकाच वाकळेच्या तीन बाजूंना बसून टाके घालीत होत्या. रात्री गाठोडे बांधताना आम्ही विचारण्यापूर्वीच त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि म्हणाल्या, "या दादा, हिशेबाला बसू."