कीडाजडी घेताना

भिवंडीच्या निजामपुऱ्यात दुकानाच्या गल्ल्यावर कुणी कागदाची पुडी सोडून म्हणाला, ‘शेठ, अस्सल कीडाजडी आहे,’ तर घाई करू नका. ही वस्तू आपल्याकडची नाही. उत्तराखंडातल्या पिथौरागडच्या धारचुला, मुनस्यारीच्या वर, साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या बुग्याळांत, म्हणजे डोंगरी कुरणांत, बर्फ वितळला की मे-जूनमध्ये ती सापडते. पतंगाच्या जमिनीतल्या अळीला बुरशी आतून खाते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखी उगवते.

भिंग काढा. अळीच्या अंगावर वीस-तीस वळ्या दिसायला हव्यात. पायांच्या आठ जोड्या असतात, त्यातल्या मधल्या चार ठळक. साच्यातून काढलेल्या पिठाच्या अळीवर हे सगळं गुळगुळीत, एकसारखं येतं. मग एक नग मोडा. विकणारा कुरकुरेल, कुरकुरू द्या! आत पिवळसर पांढरा गर दिसतो. वजन वाढवायला तार खुपसलेली असते किंवा तुटलेले तुकडे काडीने जोडलेले असतात, तेही तिथेच उघडं पडतं.

भाव अळीवर ठरतो. ती जाड, सोनेरी, अखंड आणि वरची काडी आखूड असेल, तर माल वरच्या प्रतीचा. किलोत नग जितके कमी, तितका भाव चढा. तांदळावर वाढवलेले केशरी धागे ही वेगळीच बुरशी. तिला कीडाजडीचा भाव देऊ नका. पूड तर डोळ्यांनी ओळखताच येत नाही, प्रयोगशाळाच हवी.

आणि वनखात्याचा वाहतूक परवाना मागा. तो नसेल, तर पुडी परत करा.