सुंदरीचे लाकूड

मंडळी, लाकूड पाण्यावर तरंगते हे आपण लहानपणापासून बघतो. मग पाण्यात बुडणारे लाकूड असेल का? आहे. आज आपण त्याच लाकडाची माहिती घेऊ. त्याचे नाव सुंदरी.

हे झाड आपल्याकडचे नाही. गंगा नदी पूर्वेला समुद्राला मिळते, तिकडचे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी तिथे गाळ आणून टाकला. त्या गाळावर मोठे जंगल वाढले. त्याला सुंदरबन म्हणतात. निम्म्याहून जास्त जंगल बांगलादेशात आहे, बाकीचे पश्चिम बंगालमध्ये. सुंदरीच्या झाडावरूनच हे नाव पडले, असे पुष्कळ लोक मानतात.

कोकणातल्या मंडळींना खाडीकाठची तिवरे ठाऊक आहेत. भरती आली की बुंधे पाण्यात, ओहोटी लागली की चिखलात. सुंदरीचेही तसेच. मात्र ती चांगली पन्नास-साठ फूट उंच जाते. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून मुळे चिखलातून वर डोकी काढतात आणि हवा घेतात. सगळीकडे खुंटच खुंट! अनवाणी चालणाऱ्याचे पाय फुटायचे.

आता लाकडाकडे वळू. खोडाचा आतला गाभा गडद तांबडा असतो. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा सागाचा वाळलेला ठोकळा घ्या. तो भरेल सुमारे १८ किलो. तेवढाच सुंदरीचा ठोकळा भरेल २८ किलोच्या आसपास. तेवढ्या जागेत पाणी भरले, तर त्याचे वजनही २८ किलोच होते. मग ओले लाकूड बुडेल नाही तर काय? सागाचे ओंडके नदीत सोडून वाहत नेता येतात. सुंदरीला मात्र नाव लागते.

लाकूड नुसते जड नाही, चिवटही आहे. दणका बसला तरी एकदम मोडत नाही. म्हणून बंगालच्या नावाड्यांना ते फार आवडे. नावा, घराचे खांब, तुळया, हत्यारांचे दांडे, बग्गीच्या दांड्या, सगळे त्याचे होई. जळणही उत्तम.

पण सुताराला विचाराल, तर तो तक्रारीच सांगेल. करवतीची धार जाते. आधी भोक पाडल्याशिवाय खिळा शिरत नाही. घाईने उन्हात वाळवले, तर लाकूड तडकते. ते सावलीत, सावकाश वाळवावे लागते. खुलना शहरात सुंदरीचा लगदा करून, तो दाबून तक्ते बनवणारा कारखाना होता. तो आता बंद आहे. इतके नामी लाकूड लगद्यात घालायचे, हे आम्हांला काही पटत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे चांगले लाकूड, मग आपल्या वखारीत का दिसत नाही? ते आता कापायलाच बंदी आहे. १९८९ साली बांगलादेश सरकारने जंगलतोड थांबवली. आपल्या बाजूच्या जंगलात १९७३ पासून वाघांचे राखीव रान आहे. आणि २०१० साली धोक्यातल्या झाडांच्या जागतिक यादीत सुंदरीचे नाव गेले.

कुऱ्हाड थांबली, तरी झाडाचे दुखणे थांबले नाही. सुंदरीला निव्वळ खारे पाणी सोसत नाही. नदीचे गोडे पाणी त्यात मिसळावे लागते. गंगेचा मोठा प्रवाह कित्येक वर्षांपूर्वीच पूर्वेकडे वळला. त्यामुळे आपल्या बाजूला सुंदरी थोडी आणि बांगलादेशात पुष्कळ. पुढे १९७५ साली फराक्का येथे गंगेवर बंधारा सुरू झाला. उन्हाळ्यात बांगलादेशाकडे जाणारे गोडे पाणी आणखी घटले. तिथे सुंदरीचा शेंडा आधी वाळतो, मग फांद्या, मग सारे झाड. बंगाली लोक याला ‘आगामरा’ म्हणतात. किडीचा आणि साचणाऱ्या गाळाचाही यात हात आहे, पण वाढता खारेपणा हे मोठे कारण.

याची झळ माणसांना लागते. १५ नोव्हेंबर २००७ रोजी सिद्र नावाचे चक्रीवादळ बांगलादेशावर आले. तीन हजारांवर माणसे दगावली. जंगलाने वाऱ्याचा आणि लाटांचा मार अंगावर घेतला. मागची गावे त्यामुळे थोडी तरी वाचली. नावेला बाभूळ, शिरीष अशी दुसरी लाकडे चालतात आणि आता तीच वापरतात. वादळापुढे उभे करायला दुसरे काय आणणार?

सुंदरीची फळे पावसाळ्यात पिकून गळतात. नद्यांना तेव्हा पूर असतो आणि पाण्याचा खारेपणा कमी होतो. लाकूड बुडते, पण फळ तरंगते. भरतीबरोबर ते दूर जाते आणि ओहोटीला कुठेतरी चिखलात टेकते. तिथे पाणी फार खारट नसेल, तर त्यातून कोंब वर येतो.