पैठण ते पंढरपूर, तुकड्या-तुकड्यांनी

मी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. बीटेक केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आज बोलायचंय ते लांबच्या वाटेबद्दल. म्हणजे दोन-तीनशे किलोमीटरची वाट, आणि आपल्याकडे रजा किती? तर शनिवार-रविवार. मग चालायचं कसं?

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल म्हणून वाट आहे. 14 राज्यं, साधारण 3,500 किलोमीटर. सलग चालायला पाच ते सात महिने लागतात. एवढी सुट्टी तिकडेही सगळ्यांना नसते. म्हणून बरेच जण एकेक तुकडा चालतात, वर्षानुवर्षं. त्यांना सेक्शन हायकर म्हणतात. वाट पूर्ण झाली की सलग चालणाऱ्याला जी मान्यता मिळते, तीच यांनाही मिळते.

हे वाचलं तेव्हा मला आमचे अण्णा आठवले. म्हणजे माझे वडील.

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आधी पंढरपुरात पोचते. वाटेत रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, परंडा, कुर्डू, करकंब. म्हणजे पालखी आमच्या गावात मुक्कामाला. पण वेळ कोणती? पेरणीची. त्यामुळे अण्णा दरवर्षी पाटोदा ते दिघोळ एवढा एकच टप्पा चालतात आणि परत येऊन तिफण धरतात. तीस वर्षं झाली. पंढरपूर एसटीने पाहिलंय, पायी कधीच नाही. आता ते 58 वर्षांचे आहेत, गुडघा कुरकुरतो.

मी म्हटलं, "अण्णा, हिवाळ्यात चालू. थोडं थोडं."

ते म्हणाले, "वारी अशी तुकड्यात करत्यात व्हय?"

मी म्हटलं, "ही वारी नाही म्हणायची. वाट म्हणायची."

त्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निघायचं तर नाथांपासनंच निघायचं."

2023 च्या डिसेंबरात पैठणहून निघालो. दोन हिवाळ्यांत कुर्डूपर्यंत आलोय. त्यातून जे कळलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिलं, जिथे थांबलात तिथूनच सुरू करायचं. डाऊनलोड तुटलं तर पुन्हा तिथूनच चालू होतं ना, तसं. मी मोबाईलवर पिन टाकतो. अण्णा खूण बघतात, पुलाचा कठडा, लिंबाचं झाड, किलोमीटरचा दगड. खरं सांगू? अण्णांची खूण लवकर सापडते.

दुसरं, तुकडा संपवायचा तो एसटी थांबते अशा गावात. अंतर त्यावरून ठरवा, उत्साहावरून नको.

तिसरं महत्त्वाचं. सलग चालणाऱ्याचं शरीर आठवड्याभरात सरावतं. आपलं नाही सरावत, कारण आपला दरवेळी पहिलाच दिवस असतो. म्हणून दिवसाला 15-18 किलोमीटर बास. आणि रस्ता डांबरी, वाहनं मोठी. उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. फेब्रुवारीनंतर थांबा, आपल्याकडचं ऊन चेष्टा नाही.

आता तोटाही सांगतो. पालखीत हजारो माणसं, टाळ, अभंग, गावोगावी पंगत. आमच्या वाटेवर दोघंच. पण त्यामुळे वाट दिसली. पाटोद्याच्या पुढे बालाघाटचे डोंगर, सीताफळाची झाडं, खडकाळ रानं. खर्ड्याला किल्ला. 1795 ला मराठे आणि निजामाची लढाई झाली ती इथेच. मग परंड्याचा किल्ला. सीना ओलांडली की माढा तालुका, आणि रान हिरवं होतं. ऊसच ऊस.

त्या उसात आम्हाला आपलीच माणसं भेटली. पाटोदा तालुक्यातली, कोयता घेऊन आलेली. एका मावशींनी विचारलं, "कुठल्या गावचे?" सांगितल्यावर हसल्या आणि कोपीत बसवून चहा दिला. "हौसेनं चालताय का?" म्हणाल्या. आम्ही हो म्हटलं. त्यांच्या पायाखालीही तीच वाट आहे, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं आणि ऊस संपला की परतायचं. अण्णा त्या दिवशी पुढे फारसं बोललेच नाहीत.

आता उरलंय कुर्डू ते पंढरपूर. मला वाटलं होतं, येत्या हिवाळ्यात एका लाँग वीकेंडला उरकू. पण अण्णांनी वेगळंच ठरवलंय. शेवटचा तुकडा पालखीसोबत, आषाढातच. आणि पेरणी? ती चुलतभाऊ करणार, असं त्यांनी स्वतः जाऊन ठरवून आले. तीस वर्षांत पहिल्यांदा पेरणी दुसऱ्याच्या हातात.

मी चार दिवसांची रजा टाकलीय. अजून मंजूर व्हायचीय. रिलीज त्याच आठवड्यात आहे, म्हणून मॅनेजरना आत्ताच सांगून ठेवलंय. रिलीज पुढे ढकलता येतं, एकादशी नाही. आणि अण्णांचा गुडघा पुढच्या वर्षी काय म्हणेल, ते कोणी सांगावं?

तुमच्या गावावरून कुठली वाट जाते? पालखीची, घाटाची, जुन्या बाजाराची? घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यातला कुठला तुकडा चालायचा राहिलाय. आणि पुढच्या शनिवारी तिथून सुरू करा.

भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!