मालवाहू विमानांची मुशाफिरी

युद्धाच्या कथांत लढाऊ वैमानिकाचे नाव गाजते. मालवाहू विमान चालविणाऱ्याचे क्वचितच. जाताना जवान, तांदळाची पोती आणि दारूगोळा, तर येताना जखमी व निर्वासित, असे त्याचे ओझे. भारतीय वायुसेनेच्या डाकोटा विमानांनी हे ओझे ज्या दुर्गम स्थळी नेले, त्यांची आठवण आजही काढण्यासारखी आहे.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांची शीख पलटण घेऊन ही विमाने दिल्लीहून श्रीनगरकडे निघाली. तेथील विमानतळ अजून सुरक्षित आहे, की हल्लेखोरांच्या हाती गेला आहे, हे निघताना निश्चित ठाऊक नव्हते. विमाने सुखरूप उतरली आणि श्रीनगर वाचले. रणजित राय मात्र लवकरच धारातीर्थी पडले.

पूंछ शहराला वेढा पडला, तेव्हा तेथे विमान उतरण्याजोगी जागाच नव्हती. जवानांनी आणि आश्रयास आलेल्या निर्वासितांनी मिळून जमीन सपाट केली. डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी त्या पट्टीवर डाकोटा उतरविले. पुढे याच वाटेने धान्य व तोफा आत आल्या आणि हजारो निर्वासित बाहेर पडले.

लेहची कथा याहून बिकट. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक माणसांच्या साहाय्याने सिंधूकाठी धावपट्टी तयार केली. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवरील त्या विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची शक्तीही घटते. विमानाच्या कक्षात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. मार्गही कोणी चाचपलेला नव्हता. तरीही २४ मे १९४८ रोजी मेहेर सिंग, मेजर जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन, हिमालयाच्या रांगा ओलांडून लेहला उतरले. लवकरच गुरखा जवानही त्याच मार्गाने तेथे पोचले.

ईशान्येच्या डोंगरांत पट्टी करण्याइतकीही सपाटी नसे. तेथे जोरहाटहून निघालेली विमाने अरुंद दऱ्यांत शिरून धान्य खाली टाकीत. तांदूळ दुहेरी गोणपाटात भरलेला असे. आतले पोते फुटले, तरी बाहेरच्या सैल पोत्यात दाणे सुरक्षित राहत. ढग उतरले, की विमान माघारी फिरे आणि चौकीवरील जवानांना आणखी एक दिवस अर्ध्या शिध्यावर काढावा लागे.

डाकोटाचे एक जुने विमान दुरुस्त होऊन २०१८ मध्ये ‘परशुराम’ या नावाने वायुसेनेत समारंभपूर्वक दाखल झाले. यंत्राचा हा सन्मान उचितच होय. परंतु पूंछची जमीन ज्यांनी सपाट केली, सिंधूकाठचे दगड ज्यांनी वेचले, त्यांतील बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वैमानिकाच्या धैर्याला टेकावयास जागा त्यांनीच दिली. या सेवेचा इतिहास सांगताना त्यांचे ऋण आधी मान्य केले पाहिजे.