कोकणच्या पावसात सूर्यघड्याळ

सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात जयपुरास उभारलेले सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. ते एक भव्य सूर्यघड्याळच होय. त्याच्या खुणा दगडात कोरलेल्या असून तेथील हवा कोरडी आहे. पनवेलजवळच्या कोन गावी एखाद्या शाळेने पटांगणात सूर्यघड्याळ बसवावयाचे ठरविले, तर ते कोणत्या लेपाने टिकेल हा पहिला प्रश्न ठरतो. चार महिने धुवांधार पाऊस, खाडीकडून येणारा खारा वारा आणि उरलेले आठ महिने ऊन!

गणित त्यामानाने सोपे. कोनचा अक्षांश सुमारे 19 अंश. म्हणून शंकूची कड आडव्या तबकडीशी तेवढाच कोन करून ध्रुवाकडे रोखावयाची. (गावाच्या नावातच कोन आहे!) प्रमाणवेळेच्या मानाने येथील छाया सरासरी 37 मिनिटे मागे चालते. परंतु आकडे पुसले गेले, की अचूक गणितही मुके होते.

लोखंडावर नुसता तेलरंग ही दिसावयास स्वस्त, पण अंती महाग वाट. कापलेल्या कडांतून व बोल्टांच्या भोकांतून गंज शिरतो. म्हणून आधी पत्रा कापून, भोके पाडून घ्यावीत, मग तो वितळलेल्या जस्तात बुडवावा. त्यावर इपॉक्सीचे अस्तर आणि वर पॉलियुरेथेनचा थर द्यावा. इपॉक्सी उघडे ठेवल्यास उन्हाने त्याची भुकटी होते. रंगांत गेरू, पिवळी माती व काजळी दीर्घकाळ टिकतात. भडक गुलाबी-जांभळे बहुधा लवकर विटतात. ॲल्युमिनियमला ॲनोडायझिंगचा 25 मायक्रॉनांचा थर हवा. त्यावर पितळी शंकू बसविताना मध्ये नायलॉनची चकती घालावी, अन्यथा ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते.

जुन्या घरांवरील निळ्या-पांढऱ्या पाट्यांचा काचमुलामा सुमारे 800 अंश सेल्सिअसला भाजलेला असतो. त्याचा रंग उडत नाही. पण चेंडू लागताच टवका उडतो. शाळेत चेंडू लागणारच.

तेव्हा जाड पितळेवर आकडे खोल कोरावेत आणि रंग खाचेतच भरावा. रंग गेला तरी आकडा राहतो. पितळ काळवंडेल, पुढे हिरवटही होईल. तो थर धातूचे बऱ्याच अंशी रक्षणच करतो. पावसाळ्यानंतर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने क्षार धुवावेत. देवघरातील समईप्रमाणे चिंच लावून ते घासण्याचा मोह मात्र टाळावा. दर घासणीगणिक कोरीव रेघा उथळ होत जातात.